गावाचा पाण्याचा ताळेबंद: मांडायचा कसा आणि पाळायचा कसा

गावात बंधारे झाले, नाला खोल झाला, पावसाळ्यात पाणीही साठलं, तरी मार्च उजाडला की टँकर येतो. अशी गावं महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. कारण दर वेळी जवळपास तेच असतं. साठवणीचं काम सगळ्यांनी मिळून केलं जातं, उपसा मात्र ज्याचा तो करतो. पाणी वाढलेलं दिसलं की दोन वर्षांत बोअर वाढतात, ऊस वाढतो आणि गाव पुन्हा जिथल्या तिथे येतं.

पिण्याचं पाणी, जनावरं, पीक, मजुरी, बायकांचे हंडे आणि उसतोडीला होणारं स्थलांतर या सगळ्याची गाठ एकाच ठिकाणी आहे. यातली एकच दोरी ओढून ती सुटत नाही. म्हणून गावाने जमाखर्च एकत्र मांडावा लागतो. पाऊस ही जमा, उपसा हा खर्च, आणि खर्चावर गावाची एकत्र सही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने वर्षानुवर्षं हेच केलं. दर वर्षी पावसाळ्यानंतर तिथे ताळेबंद मांडतात आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरवतात. शेतीसाठी बोअरवेल तिथे चालत नाही. त्यांच्याकडचा पाऊस तुमच्यापेक्षा जास्त असेल असं समजू नका, तो दुष्काळी पट्टाच आहे.

पहिल्यांदा हे काम हातात घेणाऱ्या तरुणांसाठी, सरपंचांसाठी आणि बचत गटातल्या ताईंसाठी हा लेख आहे.

आधी हे जमवा

- गाव नकाशा आणि गट नकाशे (तलाठी कार्यालय, भूमी अभिलेख)
- सर्व्हे ऑफ इंडियाची आपल्या भागाची टोपोशीट (उंची-उतार दाखवणारा नकाशा)
- पीकपेरा: ई-पीक पाहणीतून निघालेली गावाची यादी. ती जशीच्या तशी खरी मानू नका, पुढे पडताळा लागेल.
- गावातल्या सगळ्या विहिरी आणि बोअरची यादी. वीज जोडण्यांची यादी शेजारी ठेवून जुळवली की लपलेल्या मोटारी सापडतात.
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून आपल्या पाणलोटाची माहिती
- साधं पर्जन्यमापक, ३० मीटरची टेप, शेवटाला वजन बांधलेली दोरी, २०० लिटरचा ड्रम, ए-फ्रेम (समतल रेषा आखायचं साधन: बांबू, दोरी, दगड)
- जाड पुठ्ठ्याची एक वही. मोबाइलवर सगळं ठेवू नका. वही चावडीवर राहते आणि सगळ्यांना दिसते.

१. आधी माणसं जोडा

११ ते १५ जणांची पाणी समिती करा. प्रत्येक वाडी-वस्तीचा माणूस हवा. निम्म्या बायका हव्यात, कारण उन्हाळ्यात कोणत्या वस्तीचा हंडा किती लांबून येतो हे त्यांनाच ठाऊक असतं. विहीर नसलेला शेतकरी आणि भूमिहीन कुटुंब यांतले निदान दोघे घ्या. मेंढरं-शेळ्या राखणारा एक जण हवाच. माथ्यावर चर खणून चराईबंदी केली की पहिला फटका त्याला बसतो. त्याला न विचारता बंदी घातली तर त्या चरात त्याच वर्षी जनावरं उतरतील आणि त्यात त्याची चूक नसेल.

भूमिहीनांचा मुद्दा भलाईचा म्हणून घेऊ नका, हक्काचा म्हणून घ्या. पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ मध्ये पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाणी जमिनीवर न वाटता माणशी वाटलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. पन्नास वर्षं झाली, पण इतका स्वच्छ नियम अजून फारसा कुठे दिसत नाही.

सापळा: ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असेल तर थांबा. त्या काळात सुरू झालेलं काम एका पॅनेलचं होतं आणि दुसरं पॅनेल पाच वर्षं त्यापासून लांब राहतं.

२. शिवारफेरी: माथ्यापासून खाली

दोन दिवस लागतात. नकाशा हातात घेऊन डोंगरमाथ्यावरून सुरुवात करा आणि पाणी जसं उतरतं तसं उतरा. ओघळ, नाले, जुने बांध, फुटलेले पाझर तलाव, उघडा खडक, सगळं नकाशावर टाका.

त्यानंतर विहिरींत डोकवा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. त्यात वरून माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (मऊसर, सच्छिद्र खडक) किंवा फुटका खडक, आणि खाली कठीण पाषाण असे थर दिसतात. पाणी मुरतं आणि साठतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. कोणत्या विहिरीला किती हातांवर झरे आहेत, मांजऱ्या कुठे संपतो, हे जुन्या विहीर खणणाऱ्यांना तोंडपाठ असतं. त्यांना सोबत घ्याच. तुमच्या गावची जमिनीखालची टाकी केवढी आहे हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही.

३. मोजायला लागा

पर्जन्यमापक भिंत आणि झाडांपासून लांब, उघड्यावर बसवा. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यायचं. शाळेतल्या दोन मुलांना आणि त्यांच्या सुट्टीत एका मोठ्या माणसाला ही जबाबदारी द्या. महसूल मंडळाचा आकडा मिळतो, पण दोन डोंगरांमध्ये पाऊस फार फरकाने पडतो, तेव्हा आपल्या गावचा आकडा आपलाच हवा.

निरीक्षणासाठी १५ ते २० विहिरी निवडा. काही वरच्या अंगाला, काही मध्ये, काही नाल्याकाठी. वर्षातून चारदा मोजा: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. मोजमाप पहाटे, रात्रभर मोटार बंद असताना. कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यातून कठड्याची उंची वजा करा. कठड्यापासून ७.८ मीटर आणि कठडा ०.९ मीटर असेल तर पाणी जमिनीपासून ६.९ मीटरवर आहे. ही वजाबाकी विसरली जाते आणि मग वर्षा-वर्षाची तुलनाच चुकते.

"विहीर भरली" या शब्दाचा अर्थ गावाला एकदा आकड्यात दाखवा. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १० मीटर पाणी म्हणजे सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. एका एकराला ७ सेंटिमीटरची एक पाळी (एकदा पाणी) द्यायलाही जवळपास तेवढंच लागतं. म्हणजे काठोकाठ भरलेली विहीर ही एका एकराची एक पाळी. बाकीचं सगळं झऱ्यांतून येतं, आणि ते झरे शेजाऱ्याच्या विहिरीलाही तेच आहेत. हा हिशोब फळ्यावर मांडला की सभेत शांतता पसरते. पुढच्या बोलण्याला खरी सुरुवात तिथून होते.

४. ताळेबंद

एकच सूत्र पाठ करा: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर.

समजायला सोपं म्हणून एक नमुना गाव घेऊ. क्षेत्र ९०० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर, लोकसंख्या १५००.

*जमा*

पडलेलं पाणी: ९०० × ५०० × १०,००० = ४५० कोटी लिटर. आकडा पाहून हुरळू नका. बहुतेक पाणी वाफ होऊन आणि पिकां-झाडांतून उडून जातं, काही वाहून जातं. बेसॉल्टमध्ये जमिनीत मुरणारा वाटा खडकाच्या प्रकारानुसार साधारण ७ ते १३ टक्के. आपण १० धरू: ४५ कोटी. बंधारे आणि चरांमुळे जास्तीचं मुरलेलं ५ कोटी. नाल्यातून आपसूक बाहेर जाणारं ४ कोटी वजा. हातात राहिले ४६ कोटी लिटर.

*खर्च*

- माणसं: १५०० × ५५ लिटर × ३६५ दिवस = ३ कोटी
- जनावरं: ५०० मोठी (६० लिटर) आणि ८०० शेळ्या-मेंढ्या (८ लिटर) = १.३ कोटी
- हरभरा ६० हेक्टर, दोन हलक्या पाळ्या (१२० मिमी) = ७.२ कोटी
- गहू ३० हेक्टर (४०० मिमी) = १२ कोटी
- कांदा ४० हेक्टर (५५० मिमी) = २२ कोटी
- ऊस २० हेक्टर, पावसाचा वाटा सोडून (१९०० मिमी) = ३८ कोटी

बेरीज ८३.५ कोटी. तूट ३७.५ कोटी, म्हणजे २० हेक्टर उसाला जेवढं लागतं जवळपास तेवढीच. पूर्ण गावाच्या माणसा-जनावरांचं वर्षभराचं पाणी सव्वाचार कोटी आणि वीस हेक्टर उसाचं अडतीस. कुणावर बोट ठेवायची गरज नाही, वहीच बोलते.

ऊस काढला तर खर्च ४५.५ वर येतो. जुळलं असं वाटेल, पण शिल्लक अर्धा कोटी आहे आणि पाऊस जूनमध्ये येईलच याची हमी नाही. कांदा ४० वरून २५ हेक्टरवर आणला की १३.७५ कोटी लागतात. एकूण खर्च ३७.२५, शिल्लक पावणेनऊ कोटी. असा ताळेबंद खरा. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढा, ऑगस्टपर्यंतची शिल्लक त्यानंतर, आणि उरेल ते पिकांना. बहुतेक गावं हे उलट्या क्रमाने करतात.

खर्चाची पडताळणी ड्रमने करा. मोटारीच्या पाइपाखाली २०० लिटरचा ड्रम ठेवा. २५ सेकंदांत भरला तर सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर. दहा-बारा मोटारी अशा मोजा आणि चालण्याच्या तासांनी गुणा. कागदावरचा खर्च आणि हा आकडा यांत मोठी तफावत आली तर पीकपेरा चुकीचा नोंदलाय असं समजा आणि पुन्हा शिवारात जा.

सापळा: शेततळं जमेच्या बाजूला लिहू नका. विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरलेलं पाणी नवीन नसतं. सगळ्यांच्या टाकीतलं एकाच्या ताब्यात गेलेलं असतं. शिवाय ३० × ३० मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला सहा हजार लिटरच्या आसपास पाणी नुसतं उडून जातं. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणाऱ्या शेततळ्याची गोष्ट वेगळी, ते जरूर करा.

५. जलसंधारण: माथा ते पायथा

क्रम मोडू नका. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग ओघळींत दगडी बांध, मग शेतात बांधबंदिस्ती, मग नाल्यात माती किंवा सिमेंटचे बंधारे. नाल्यातून सुरुवात केली की वरची माती पहिल्याच पावसात खाली येते आणि दोन-तीन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. सिमेंटचं काम दिसतं, त्याचा फोटो निघतो, म्हणून सगळ्यांना ते आधी हवं असतं. ठाम राहा.

सलग समतल चर: रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ३० सेंटिमीटर. काढलेली माती चराच्या खालच्या अंगाला, काठापासून ३० सेंटिमीटर जागा सोडून टाका, नाहीतर तीच माती पावसाने परत चरात येते. दोन ओळींत १५ मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी सुमारे ६६० मीटर चर होतो आणि एका भरण्यात जवळपास १ लाख २० हजार लिटर पाणी अडतं.

इथे जीव ए-फ्रेममध्ये आहे. दोन सारख्या लांबीचे बांबू, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड. सपाट जागी दोन्ही बाजूंनी फिरवून ओळंब्याची मधली खूण पक्की करून घ्या, मगच डोंगरावर आखणी करा. डोळ्याच्या अंदाजाने आखलेला चर हमखास एका टोकाला उतरतो. पाणी तिकडे पळतं, टोक फुटतं आणि तिथे नवी ओघळ पडते. खराब आखलेला चर डोंगराचं नुकसान करतो, त्यापेक्षा न खणलेला बरा.

मातीच्या प्रत्येक बांधाला सांडवा (जादा पाणी निघून जायची वाट) हवा. बांध फुटतात ते बहुधा सांडवा नसल्याने किंवा अरुंद ठेवल्याने, आणि गावकरी मात्र मातीला दोष देतात.

नाला खोलीकरणात गाळ आणि मुरूम काढायचा. कठीण खडक लागला की पोकलेन थांबवायचं. फार खोल गेलात तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यात पाझरून येतं. नाला भरलेला दिसतो आणि विहिरी आटतात.

६. ग्रामसभा आणि करार

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि घाई झाली की मोडते तीही हीच.

तारीख पिकाकडे बघून ठरवा. रब्बी कांद्याचं रोप टाकायच्या आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पहिला ताळेबंद सभेत यायला हवा. बियाणं घरात आल्यावर कोण ऐकणार? उसाचं गणित याहून निराळं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, तेव्हा ऑक्टोबरची सभा उशिराची. उसाचा निर्णय मे महिन्याच्या सभेतच घ्या.

महिला सभा आधी घ्या आणि तिचे मुद्दे मुख्य सभेत पहिल्यांदा वाचा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. तहकूब सभेला ही अट नसते, पण तहकूब सभेत वीस जणांनी घेतलेला पाण्याचा निर्णय कुणी पाळत नाही. वस्त्यांवर आधी छोट्या बैठका घ्या आणि निम्मं गाव बसलेलं असेल तेव्हाच ठराव करा.

करारात निदान एवढं असावं:

- शेतीसाठी नवीन बोअर नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहेच, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आतही बंधन आहे. कायदा पाठीशी ठेवा, पण धाक म्हणून आधी काढू नका.
- उभा ऊस मोडायला कुणाला सांगू नका. हे पीक तुटू द्या, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुंध्यावरचं पुढचं पीक) ठेवायचा नाही, आणि पुढची लागण ताळेबंदात बसली तरच, तीही ठिबकवर.
- कोणत्या पिकाला कुटुंबामागे किती क्षेत्र, हे पावसाच्या आकड्याला बांधा. ३०० मिमी, ४०० मिमी आणि ५०० मिमी असे तीन तक्ते पावसाळ्याआधीच मंजूर करून ठेवा. पाऊस झाल्यावर भाव डोळ्यांसमोर असतो, तेव्हा तक्ता ठरवता येत नाही.
- विहीर नसलेल्यांना निदान एका हंगामाचं संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाळायला लागलं तर वाचवण्यापुरतं.
- पहिल्या वर्षी दंड नको. नावांसह क्षेत्राचा तक्ता चावडीवर लावा, तेवढं पुरतं.

ठिबकबद्दल एक खबरदारी. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर शेतकरी क्षेत्र वाढवतो आणि गावाचा खर्च तेवढाच राहतो. म्हणून करारात क्षेत्रही लिहा, नुसतं ठिबक लिहू नका.

७. खाती आणि पैसा

जलयुक्त शिवार, रोजगार हमी, गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार, वन विभागाची कामं, वित्त आयोगाचा निधी: पैसा एका खात्यातून येत नाही. कृषी सहायक, ग्रामसेवक, वनरक्षक, भूजल विभागाचे वैज्ञानिक आणि रोजगार सेवक यांना एकाच दिवशी शिवारफेरीला बोलवा. वेगवेगळे आले की प्रत्येक जण आपापल्या खात्याचं काम सांगून जातो. माथ्यावरची जमीन वन विभागाची असेल तर परवानगीशिवाय एक चरही खणू नका, अर्ज हिवाळ्यातच द्या.

आराखड्यात प्रत्येक कामासमोर गट क्रमांक, मापं, खातं आणि जमीनमालकाची लेखी संमती हवी. संमती राहिली म्हणून मंजूर झालेली कामं परत जातात.

श्रमदान एप्रिल-मेमध्ये, सकाळी सहा ते नऊ. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपने २०१६ पासून चार वर्षं दाखवून दिलं की गाव उन्हाळ्यात एवढ्या मोठ्या संख्येने उतरू शकतं. मात्र हातावर पोट असणाऱ्यांकडून फुकट काम घेऊ नका. त्यांच्यासाठी त्याच जागेवर रोजगार हमीचं काम मंजूर करून घ्या, म्हणजे मजुरीही मिळेल आणि चरही होईल.

८. जानेवारी ते जून

जानेवारीत विहिरी मोजा आणि ऑक्टोबरच्या आकड्याशी ताडा. पातळी अंदाजापेक्षा भराभर उतरत असेल तर फेब्रुवारीतच उन्हाळी पिकांवर सभा घ्या. मार्चची मोजणी झाली की पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवतीच्या मोटारी बंद करायच्या का, हे ठरवायचं. त्या मोटारींच्या मालकांशी ऑक्टोबरमध्येच बोलून ठेवलेलं असलं पाहिजे. मार्चमध्ये, पीक उभं असताना, ते बोलणं भांडणच होतं.

मे महिन्यात चरांतला गाळ काढा, सांडव्यांवरचे दगड सारखे करा, पर्जन्यमापक धुऊन जागेवर बसवा. वहीत नव्या वर्षाचं पान उघडून वर मागच्या वर्षीची शिल्लक लिहा, आणि तूट असेल तर तूट लिहा.